पाणी मारलं का?

१

"या भूतलावर जेवढ्या म्हणून वास्तू उभ्या आहेत, भाभी, त्या सिमेंटवर उभ्या नाहीत, लोखंडावर उभ्या नाहीत. त्या उभ्या आहेत माणसानं माणसावर टाकलेल्या विश्वासावर," असं ज्ञानोबा मास्तर म्हणाले आणि त्यांच्या खुर्चीचा मागचा पाय निघाला.

खुर्ची विश्वासू सुताराकडून घेतलेली होती.

बेगमबीनं त्यांना उठवलं, धोतरावरची धूळ झटकायला फडकं दिलं आणि उरलेलं संभाषण सतरंजीवर झालं.

ज्ञानोबा मास्तर मुदखेडचे निवृत्त पोस्टमास्तर. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक नवाच उद्योग काढला होता. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत लग्नाच्या स्थळांची चौकशी करून द्यायची. मुलगा पितो का, नोकरी पक्की आहे का, पहिली बायको माहेरी 'गेली' आहे की 'घालवली' आहे. त्यांची पद्धत साधी होती. नातेवाईकाला काही विचारायचं नाही, दोस्ताला तर नाहीच. ज्याचं त्या घराशी एकदा भांडण होऊन मिटलंय, त्याला गाठायचं. तो बरोबर बोलतो.

पण आज त्यांना नवरदेव तपासायचा नव्हता. घराचा ठेकेदार तपासायचा होता, आणि तोही घर बांधून झाल्यावर. म्हणजे वरात दारात आल्यावर चौकशी सुरू.

बेगमबीचा नवरा गुलाम रसूल मूळचा मुदखेडचाच, मास्तरांचा बालमित्र. लातूरला येऊन त्यानं जन्मभर गाद्या-रजया भरल्या आणि लोकांची झोप सुधारता सुधारता एक दिवस स्वतः कायमचा झोपला. मागं राहिली बेगमबी, मुलगी लुबना आणि क्लासेसच्या गल्लीतला एक प्लॉट. तेव्हाच्या लातुरात दोन प्रकारची माणसं राहत. एक, भूकंपाच्या धास्तीनं अजून अंगणात झोपणारी. दुसरी, बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी मजल्यावर मजला चढवणारी. पुष्कळदा ही एकच माणसं असत.

बेगमबीनंही प्लॉटवर मुलींचं वसतिगृह बांधलं. होतं-नव्हतं ते सगळं त्यात गेलं. मात्र डोळे मिटून नाही. ठेकेदाराचा नगरपालिकेचा परवाना तिनं पाहिला. त्यानं बांधलेली, भूकंपातून वाचलेली घरं पाहून यायला पुतण्याला धाडलं. नाव चन्नबसप्पा हत्तरगे. माणूस कधी समोर आला नाही. त्याची लेक शिवकांता येई, कामावर उभी राही, 'आप्पांचं काम हाय' एवढंच बोले. आप्पा स्वतः मात्र फोन करीत.

"आन् परवा नव्या घरात कुराण पढवलं, त्या कुराणखानीच्या दिवशी," बेगमबी म्हणाली, "बाजूवाला ठेकेदार आला. प्रीतम. जेवला, हात धुतला, आन् सगळ्यांच्या सामने बोलला, 'चाची, तुमचा चन्नबसप्पा तर भूकंपात मेला. सहा वर्सं झाली. तुमचं घर कोणी बांधलं मग?'"

मास्तरांनी डोळे बारीक केले.

"सोमवारी पोरी येनार, मास्तरसाब. हदगावच्या, देवणीच्या. लोकांच्या पोरी हैत. हे घर मुर्द्यानं बांधलं असंल, तर मी त्यांना आत घेऊ का नक्को, एवढंच सांगा मेरेकू."

मास्तर तोंड उघडणार तोच कोपऱ्यातला फोन वाजला. बेगमबी जागची हलली नाही. मास्तरांनीच रिसीव्हर उचलला.

आधी नुसती खरखर. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"पाणी मारलं का?"

२

ज्ञानोबा मास्तर भूत मानत नसत. अडचण एवढीच, की भुताला याची कल्पना असेलच असं नाही.

"दुसरं काही बोलतो का?" त्यांनी विचारलं.

"एवढंच बोलतो," लुबना म्हणाली. ती डी.एड. झालेली, वसतिगृह तीच बघणार होती. "काम चालू होतं तवा बरं वाटायचं, चाचा. ठेकेदार रोज आठवणीनं विचारतो, सिमेंटला पाणी मारलं का म्हणून. आता रंग पन लागला. आता पाणी कशाला मारायचं?"

तिनं मास्तरांना घर दाखवलं. घर देखणं होतं. भिंती सरळ, कोपरे गुण्यात, नेमके काटकोनात. खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा भूकंपपट्टा फिरवलेला. चौकशीला आलेल्या माणसाला एखादा मुलगा फारच चांगला दिसावा आणि त्यामुळेच संशय यावा, तसं मास्तरांना झालं.

आतल्या खोलीत, शेजारच्या क्लासच्या बाजूच्या भिंतीशी, जमिनीवर एक काचेचा ग्लास उपडा ठेवलेला होता आणि त्यावर पितळी लोटा. मास्तरांनी ते लगेच ओळखलं. भूकंपानंतर या भागात घरोघर ही युक्ती होती. जमीन हलली की लोटा पडतो, आवाज होतो, माणसं बाहेर पळतात. सरकारी यंत्रापेक्षा स्वस्त आणि पाणी प्यायलाही उपयोगी.

"रोज पडतो," लुबना म्हणाली. "ह्या एकाच भिंतीजवळचा. समोरच्या खोलीतला न्हाई पडत."

"कधी?"

"दिवेलागणीला, मगरिबच्या आसपास. एक दिवस मात्र पडला न्हाई."

"कोणता दिवस?"

"ते लातूर बंद होतं ना, त्या दिवशी."

मास्तरांनी मान डोलावली. बंद पाळणारं भूत त्यांच्या ऐकिवात नव्हतं. लातुरात बंद पाळायला माणसं तयार नसत.

गच्चीवर वेगळंच होतं. गळती नको म्हणून चार दिवसांपूर्वी गच्चीवर कोबा घातला होता. त्या गुळगुळीत सिमेंटच्या मधोमध एक ठसा वाळला होता. मांडी घालून बसलेल्या माणसाचा. बैठक, दोन गुडघे, बाजूला टेकलेला एक तळवा. आणि चहूबाजूंनी, जाण्याचं किंवा येण्याचं, एकही पाऊल नाही.

"त्यांच्यात बसवून पुरतात म्हने," मागून बेगमबी हळूच म्हणाली. "लिंगायतांत."

पश्चिमेला उजेड विटत चालला होता. तेवढ्यात खाली, आतल्या खोलीत, पितळ फरशीवर आदळल्याचा खणखणाट झाला. तो विरतो न विरतो तोच भिंतीतून आवाज सुरू झाला. कुणीतरी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा.

टक. टक. टक.

३

पहिला जबाब पुतण्याचा. वकार नांदेडला चष्म्याचं दुकान चालवी. चौकशीला त्यालाच पाठवलं होतं, कारण त्याची नजर तेज आहे असं घरात मानलं जाई.

"मैं खुद गया था, चाचा," वकार छातीवर हात ठेवून म्हणाला. "तेरणेकडं. त्यांचं जुनं गाव तर सगळं साफ झालेलं, नव्या वसाहतीत लोक भेटले. काय तारीफ केली! बोलले, 'सगळं गाव बसलं, पन आप्पांनी बांधलेलं एक घर पडलं न्हाई.' मी आँखों से देखा. उजाड गावात चार घरं तशीच उभी. दारं-खिडक्या न्हाईत, मानूस न्हाई, वारा आतून फिरून ऱ्हायला, पन भिंतीला तडा न्हाई."

"मग विचारलंस ना, आप्पा कुठंयत?"

"विचारलं तर! बोललो, आजकाल आप्पा क्या करते? तर एक म्हातारा बोलला, 'आप्पा आता लिंगैक्य झाले.'"

मास्तरांचा हात मिशीवर थांबला.

"मग तू काय केलंस?"

"मुबारकबाद दिली."

मास्तरांचा हात मिशीवरून खाली आला.

"मला वाटलं," वकारचा आवाज जरा खाली आला, "कोणी सरपंच होतं, कोणी चेअरमन होतं, तसे हे लिंगैक्य झाले असतील. समाजाची काही पोस्ट असंल. मी बोललो, 'बहोत अच्छा हुआ, बऱ्याच आधी व्हायला पायजे होते.' तर म्हातारा रडायला लागला. मला वाटलं, खुशी के आँसू."

"वकार," मास्तर अत्यंत मायेनं म्हणाले, "लिंगायत माणूस वारला की त्याला लिंगैक्य झाला म्हणतात."

वकारनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यानं काही फरक पडला नाही.

"पण मग," तो कुजबुजला, "मेलेल्या मानसाला परवाना कोनी दिला?"

४

परवाना देणारे साहेब मूळचे रत्नागिरीकडचे. बदलीवर आलेले. लातूरला त्यांनी मनातल्या मनात शिक्षेचं ठिकाण मानलं होतं आणि लातूरनंही त्यांचा तो गैरसमज दूर केला नव्हता.

"चन्नबसप्पा हत्तरगे ना? आहेत की," साहेब म्हणाले. "परवाना चालू. एक तक्रार नाही. या गल्लीत इतका स्वच्छ माणूस दुसरा नाही."

"साहेब, ते सहा वर्षांपूर्वी वारले."

"मग तक्रार का नाही याचा उलगडा झाला," साहेब म्हणाले. मग त्यांनाच आपलं बोलणं ऐकू आलं आणि ते सावरून बसले. "छे हो! वारलेल्या माणसाला आम्ही परवाना देऊ? अर्जात आधी मृत आहे का तेच बघतो. नावाआधी कैलासवासी नव्हतं, स्वर्गीय नव्हतं. आद्याक्षर होतं फक्त. लिंगप्पा चन्नबसप्पा हत्तरगे."

"लिंगप्पा कुठून आलं?"

"लिं. असं लिहिलं होतं. लिं. चन्नबसप्पा. लिंगप्पाच ना?"

मास्तरांनी खोल श्वास घेतला. कैलासवासीला 'कै.', पैगंबरवासीला 'पै.', तसं या मुलखात लिंगायत घरांत 'लिं.' लिहितात, लिंगैक्य झालेल्या माणसाच्या नावाआधी. भांड्यांवर, पंख्यांवर, देवळाच्या पायऱ्यांवर. बसस्टँडवरचं शेंबडं पोरही सांगेल. पण साहेब बसस्टँडवर थांबत नसत.

"अर्ज घेऊन कोण आलं होतं?"

"बाई होती एक. मुलगी म्हणाली. बाई कशाला ठेकेदारी करेल? मी म्हटलं, वडिलांच्या नावानं करून देतो, तुम्ही निवांत जा. ती काहीतरी सांगत होती. पण गर्दी होती."

"मग आता रद्द करा."

"करतो की. नियम स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. "परवानाधारकानं ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं."

मास्तर उठले. जिना उतरताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मेलेला माणूस कागदावर कसा जगला ते कळलं. पण फोनवर कोण जगत होतं? आणि भिंत कोण वाजवत होतं?

५

शेजारच्या इमारतीत दिपाली मॅडमचा रसायनशास्त्राचा क्लास. खाली जुनी दुकानं, वर प्रीतमनं नव्यानं चढवलेला लांबलचक हॉल. दोन घरांमधल्या बोळात बाहेरून जिना. बेगमबीच्या भिंतीला इतका खेटून, की जिन्यावर उभं राहून तिच्या घरातली चहाची साखर चाखता यावी. हॉलच्या दाराशी पाण्याचा माठ. माठाखाली चार अर्ध्या विटा. पाणी पिण्यासाठी वाकलेल्या मास्तरांना एका विटेवर उमटवलेला बैल दिसला, ऐटीत मान वळवून उभा. कलाकुसर चांगली आहे, असं म्हणून ते पाणी प्यायले.

आत मुलं दाटीवाटीनं बसली होती. एक क्लास सुटला की पुढच्या क्लासला पळायचं, म्हणून निम्म्यांनी दप्तरं आधीच खांद्याला अडकवलेली. मॅडम फळ्यावर काहीतरी जाळत होत्या, म्हणजे जळण्याचं समीकरण लिहीत होत्या.

प्रीतम हॉललगतच्या आपल्या ऑफिसात भेटला. तरणाबांड, गॉगल कपाळावर. मागं भिंतीवर फ्रेम केलेला परवाना, त्याला हार.

"हा बघा मास्तर, जिवंत मानसाचा परवाना!" तो हसला. "फोटोसकट. आमच्याकडं समदं कायद्यानं. चाचीला मी बोललो बी, आता लई उशीर झाला. पण घर माझ्या ताब्यात द्या, बघतो काय होतंय. भूत-बित मला म्हाईत न्हाई, पन कामात दम न्हाई. थरथरून राहिलंय ते घर."

"तुम्ही ते बांधताना पाहिलं होतं?"

"मी? मी कशाला बघू? मी नांदेडहून इकडं आलो तवा त्याला रंग सुदीक लागला होता. हात न लावता सांगतो ना." तो पुढं झुकला. "बैलछाप विटेचं घर, मास्तर. बैलावानी बसनारच की एक दिवस!"

आपल्याच विनोदावर तो दिलखुलास हसला. मास्तरही हसले. चौकशीच्या इतक्या वर्षांत त्यांचा एक अनुभव होता. माणूस शपथेवर खोटं बोलतो, रडताना खोटं बोलतो; पण विनोद करताना त्याच्या तोंडून खरं निसटतं.

फक्त काय निसटलं, ते अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात क्लास सुटला. बाक सरकले, चपला वाजल्या आणि सगळा हॉल एकदम जिन्यावर ओतला गेला. मास्तर दाराला धरून उभे राहिले. गर्दी गेली, बोळ शांत झाला. आणि मग खालून, जिन्याच्या पोटातल्या अंधारातून, तोच आवाज.

टक. टक. टक.

प्रीतमचं हसू विझलं. गॉगल कपाळावरून घसरून नाकावर आला, तो त्यानं तसाच राहू दिला.

६

जिन्याखाली एक बाई पाठमोरी उभी होती. हातात छोटी हातोडी. भिंतीला कान लावून ती वाजवत होती, ऐकत होती, पुन्हा वाजवत होती. नाडी बघावी तशी.

"शिवकांताबाई," मास्तर म्हणाले.

ती दचकली नाही. "गच्चीवर चला," म्हणाली. "हितं बोलायला नको."

गच्चीवरच्या त्या ठशापाशी दोघं उभे राहिले.

"हा तुमचा?"

"माझाच. ओल्या कोब्यावर फळी टाकून गेले, येताना फळी काढून घेतली. ठसा बुजवायचा राहिला." तिनं ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं. "उभं राहून घराची थरथर कळत न्हाई, मास्तर. ती टाचंतच राहती. बसलं की मणक्यात येती. आप्पा असंच बसायचे."

"आप्पा कसे गेले?"

"गणपती विसर्जन झाल्यावरच्या पहाटं, भूकंपात. दुसऱ्याच्या घरात झोपले होते." तिनं पदर सारखा केला. "त्यांनी बांधलेलं एक घर पडलं न्हाई. आन् त्ये गेले पाव्हण्याच्या दगडमातीच्या घरात."

खाली रस्त्यावर रिक्षा गेली. दोघांनीही नकळत पायाखालची जमीन तपासली. या भागातल्या माणसांना ती सवयच होती.

"मी सायबाला सांगत होते, आप्पा न्हाईत, परवाना माझ्या नावानं करा म्हणून. त्यो ऐकंना. मग घरी येऊन इचार केला. माझ्या नावावर एक न्हाणीघर बांधायला कुणी देईना. मेलेल्या आप्पांच्या नावावर अख्खं घर मिळालं. मी कुणाला आप्पा जिते हायत म्हणाले न्हाई, मास्तर. कुणी विचारलंच न्हाई."

"आणि भिंत का वाजवता?"

"माझं घर हालू शकत न्हाई," ती म्हणाली. आवाजात गर्व नव्हता, काळजी होती. "चारी बाजूंनी पट्टा हाय. बाकीच्या भिंतीला मी हितल्याच विटा लावल्या. पन क्लासकडच्या ह्या एका भिंतीला देवणीहून, माझ्या मामाच्या भट्टीच्या आणल्या. पक्क्या भाजलेल्या. तरी हीच हालती. बेगमबीला सांगू गेले असते तर आधी 'आप्पा कुठंयत, तू कोण' आलं असतं. म्हणून वाजवून बघून राहिले."

"देवणीच्या विटा," मास्तर सावकाश म्हणाले. "त्यांच्यावर छाप असतो?"

"असतो की. देवणीचा बैल. पन त्यो दिसत न्हाई. छाप वर करून वीट बसवायची, त्यावर मसाला, त्यावर दुसरी वीट, वरून गिलावा. एकदा भिंत झाली की त्या बैलाला देवसुदीक बघू शकत न्हाई."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. भुतानं आला नव्हता तेवढा.

"देव नाही," ते म्हणाले, "पण भिंत फोडणारा बघू शकतो."

शिवकांता त्यांच्याकडं बघत राहिली. मग हळूहळू तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"मला वाटतच होतं," ती पुटपुटली. "वाजवलं की पोकळ येत न्हाई, जड येतं. ह्या भिंतीच्या अंगावर कुणीतरी बसलंय, मास्तर."

७

दुसऱ्या दिवशी क्लास सुटायच्या आधी मास्तरांनी दिपाली मॅडमना दाराबाहेर बोलावलं. प्रीतमही होता. मास्तरांनी त्याला मुद्दाम चहाला बोलावलं होतं. चौकशी झाल्यावर नवरदेवाला तोंडावर सांगायची त्यांची रीत होती.

"मॅडम, शेजारच्या घरात लोटा पडतो," ते म्हणाले. "रोज, तुमचा क्लास सुटतो तेव्हा. लातूर बंद होतं, क्लास बंद होता, त्या दिवशी पडला नाही. आज एक प्रयोग करू. मुलांना एकेकट्यानं उतरू द्या. चपला हातात घेऊन, जिन्यावर एका वेळी एकच."

"त्यांचा पुढं फिजिक्स आहे!" मॅडम म्हणाल्या.

"एकट्यानं उतरले तर राहील. नाही तर फिजिक्स इथंच होईल."

मॅडम विज्ञानाच्या होत्या. प्रयोगाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्या जिन्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. एकेक मूल उतरू लागलं. वरून कुरकुर, "मॅडम, जागा जाईल हो!", "ए, तुझ्या बापाचा जिना हाय का, सरक!" पलीकडं लुबना लोट्यासमोर बसली होती. बेगमबी तिच्या मागं, ओठात दुवा पुटपुटत. बोळात शिवकांता, तळहात भिंतीला लावून. उजेड विटला. अजान झाली. शेवटचा मुलगा उतरला.

"चाचा," खिडकीतून लुबना ओरडली, "न्हाई पडला!"

"एकदा करून प्रयोग सिद्ध होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा एकदा सगळ्यांना..."

"मॅडम," खालून शिवकांता म्हणाली, "ह्यो प्रयोग दुसऱ्यांदा करायला जिना लागंल."

मास्तर प्रीतमकडं वळले. "तुम्ही आलात तेव्हा घराला रंग लागला होता. हात लावला नाही म्हणालात. मग आत बैलछाप वीट आहे, हे कसं कळलं?"

"ढीग बघितला असंल. रस्त्यानं जाता-येता."

"रंग लागल्यावर ढीग? आणि बाकीच्या भिंती इथल्याच विटांच्या आहेत. बैल फक्त या एका भिंतीत. गिलाव्याच्या आत, मान वळवून. मॅडम, तुमच्या माठाखालच्या अर्ध्या विटा कुणी दिल्या?"

दिपाली मॅडमनी माठाकडं पाहिलं. बैलानं त्यांच्याकडं पाहिलं.

"प्रीतमभाऊंनीच," त्या म्हणाल्या. "ईदला शेजारचे मुदखेडला गेले होते, तेव्हा जिना झाला. म्हणाले, उरल्यात."

"उरल्या नव्हत्या. भिंतीतून काढल्या होत्या. जिन्याला बोळाकडून दोन खांब लागत होते. ते वाचवायला यांनी बेगमबीची भिंत फोडून तुळयांची टोकं आत खुपसली आणि वरून गिलावा थापला. मुलं पळाली की तुळई हादरते, तुळईनं भिंत, भिंतीनं लोटा. उद्या कुणी थरथर कशाची म्हणून शोधायला आलं असतं, तर पहिल्यांदा ही जागा सापडली असती. म्हणून यांनीच आधी बोंब ठोकली. घर मुर्द्यानं बांधलंय! सगळ्यांनी घराकडं पाहिलं. जिन्याकडं कुणी पाहिलंच नाही."

"माझा परवाना..." प्रीतम म्हणाला.

"खरा आहे," मास्तर म्हणाले. "मी कालच बघून आलो. अगदी खरा."

शिवकांतानं छिन्नी लावली. गिलाव्याचं ढपलं निघालं. आत तुळईचं टोक होतं, खाली आधाराचा दगडसुद्धा नाही, आणि त्याच्या भारानं दुभंगलेली वीट. तडा बैलाच्या मानेतून गेला होता. भिंतीवरचा पट्टा मात्र जशास तसा, सगळा भार पेलून.

"आप्पांचा पट्टा," शिवकांता म्हणाली आणि तिनं त्यावर क्षणभर हात ठेवला.

मॅडम वरच्या पायरीवरच बसल्या. रोज संध्याकाळी इथून किती मुलं पळत जात, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रीतमची मोटरसायकल नांदेडच्या दिशेनं गेली. परवाना मात्र पळाला नाही. तो फ्रेममध्ये होता, हार घालून.

८

क्लास खालच्या दुकानांमागच्या गोदामात गेला. जिना टेकू देऊन कापला गेला. ते काम शिवकांतानं केलं, आणि या वेळी पाटीवर नाव तिचंच लागलं. रत्नागिरीच्या साहेबांनी तिचा अर्ज घेतला, वाचला आणि विचारलं, "वडील लिंगप्पा ना?"

सोमवारी हदगावच्या, देवणीच्या मुली आल्या. पेट्या, गाद्या, लोणच्याच्या बरण्या. बेगमबीनं दारात उभं राहून एकेकीला आत घेतलं. "या बेटा, पक्कं घर है, बेफिकर राहा," असं ती प्रत्येकीच्या आईला सांगत होती, आणि प्रत्येक वेळी भिंतीवर हात थोपटत होती, लेकराच्या पाठीवर थोपटावा तसा.

ज्ञानोबा मास्तर पाय दुरुस्त झालेल्या खुर्चीवर बसले. विजय मिळाल्यावर माणसाला खुर्चीवरच बसावं लागतं.

"सगळ्या गोष्टींना कारण असतं, भाभी," ते म्हणाले. "ठसा कळला, टकटक कळली, लोटा कळला. आता शिवकांताबाई, एकच सांगा. त्या फोनसाठी म्हाताऱ्याचा आवाज कसा काढायचात? पदर धरायचात का तोंडावर?"

शिवकांता चहाची कपबशी तशीच धरून त्यांच्याकडं पाहत राहिली.

"कसला फोन?"

"रोज यायचा तो. पाणी मारलं का म्हणून."

"मी न्हाई केला कधी," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आमच्या वसाहतीत फोनच न्हाई, मास्तर. आन् ते... ते आप्पांचं बोलणं हाय. घर बांधून झालं, लोक राहायला गेले, तरी रस्त्यात गाठून विचारायचे. पाणी मारलं का?"

वरच्या मजल्यावर मुलींचं हसणं चालू होतं. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. लुबनानं लोट्याकडं पाहिलं. लोटा ग्लासावर स्थिर होता.

आणि फोन वाजला.

मास्तर उठले नाहीत. शिवकांताला उठता येईना. फोन वाजत राहिला. शेवटी बेगमबीनं ओले हात ओढणीला पुसले, जाऊन रिसीव्हर उचलला आणि थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली.

"हौ आप्पा, मारलं," ती म्हणाली. "समदं ठीक है. पोरी आल्या. लेक पन इथंच बसली है, चाय पीती." मग तिनं आवाज जरा खाली आणला, जसा ठेकेदाराशी बोलताना प्रत्येक घरमालकिणीचा येतो. "बस, एक वो मोरी का नळ टपकरा. कोनाला तरी भेज देव."